झुकिनी कपाने मोजायची की ग्रॅममध्ये? सात महिने काटा वापरल्यावर

मार्चमध्ये किचन काटा घेतला, साडेचारशेच्या आसपास पडला, सोबत प्लॅस्टिकच्या कपांचा सेट फुकट. ५ किलोपर्यंत वजन घेतो, १ ग्रॅमचा फरक दाखवतो, रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण हाच काटा दहा नावांनी मिळतो आणि सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

घेतला तो निव्वळ झुकिनीपायी. ताई न्यू जर्सीत असते, उन्हाळ्यात तिच्या परसात झुकिनीचा नुसता पूर, त्यामुळे केक, पॅनकेक, काय वाट्टेल त्यात ती झुकिनी किसून घालते. तिने केकची रेसिपी पाठवली, "दोन कप किसलेली झुकिनी". मी पार्ल्याच्या मार्केटमधून दोन आणल्या, किसल्या, कपात भरल्या आणि केक झाला वरून सोनेरी, आत गिच्च गोळा. पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, चेपून भरलीस का?"

"मग कशी भरायची? तूच म्हणालीस ना दोन कप."

"हलक्या हाताने गं. नाहीतर सरळ एक मिडियम घे."

आता तिची मिडियम म्हणजे काय, तर फोटोत ती आपल्याकडच्या दुधीएवढी दिसत होती. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात मिडियम झुकिनी १९६ ग्रॅमची धरलीय, लहान ११८ आणि मोठी ३२३. म्हणजे "एक झुकिनी" म्हटलं की जवळजवळ तिप्पट फरक पडू शकतो.

काटा आल्यावर पहिल्यांदा हेच मोजलं. २४० मिलीच्या कपात कीस नुसता सोडला तर माझ्याकडे १०५ ग्रॅम भरला आणि चमच्याने चेपला तर १७० पर्यंत गेला. दोन कपांना १३० ग्रॅमचा फरक आणि झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणीच असतं, म्हणजे मी दरवेळी अर्धा कप पाणी जास्तीचं ओतत होते आणि वर ओव्हनला शिव्या घालत होते. फोडींचं इतकं नखरेल नसतं, त्या तक्त्यात फोडी केलेल्याचा कप १२४ ग्रॅम आणि चकत्यांचा ११३ दिलाय, माझंही त्याच्याच आसपास येतं. भाजीसाठी, सूपसाठी खुशाल कपाने मोजा. किसाला मात्र काटा.

काटा खरा की खोटा हे कसं बघायचं? अर्धा लिटर दुधाची न फोडलेली पिशवी ठेवा. दूध पाण्यापेक्षा जरा जड, त्यामुळे ५०० नाही, पिशवीसकट साधारण ५२० च्या आसपास यायला हवं. लहान वजनासाठी दहा रुपयांची दहा नाणी ठेवली, ७७ ग्रॅम, बरोब्बर आलं. एका ॲपवरून ५०० ग्रॅमचं झुकिनीचं पाकीट मागवलेलं ते ४६२ भरलं, तेव्हा मी काट्यालाच खोटं ठरवून परत नाणी ठेवून बघितली. काट्याचं काही चुकलं नव्हतं. पैसे मिळाले परत, पण फोटो काढून पाठवायला लागले.

आता तक्रारी. दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद. बाऊल ठेवून शून्य केलंय, तुम्ही झुकिनी किसताय, तेवढ्यात दारावर कचरेवाला, परत येईपर्यंत स्क्रीन कोरी. चालू केलं की बाऊलसकट शून्य दाखवतो, मग आतला कीस किती ते कळायला मार्ग नाही. आता सगळ्या बाऊलांच्या बुडाला मार्करने वजन लिहून ठेवलंय. पंखा चालू असेल तर आकडा दोन-तीन ग्रॅम नाचतो, आणि मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करून स्वयंपाक करणाऱ्याला माझा दंडवत. मीठ चिमूट चिमूट टाकलं तर काट्याला पत्ताच लागत नाही, हळूहळू वाढणारं वजन तो शून्यातली गडबड समजून गिळतो. मीठ, सोडा, वेलची आपलं चमच्यानेच. आणि त्यावर एक मिलीचं बटण आहे ते विसरून जा, तो सगळ्यालाच पाणी समजतो. मापातून १०० मिली तेल ओतलं तर ९२ दाखवलं.

आवडलं ते उणे आकड्याचं. अख्खी झुकिनी काट्यावर ठेवून शून्य करायचं, उचलून किसायची, उरलेला बुडखा परत ठेवायचा. स्क्रीनवर उणे १८० आलं की १८० ग्रॅम किसली गेली. बाऊल लागत नाही, धुवायचं एक भांडं कमी.

पण वजनानेही सगळं सुटतं असं नाही हं. ३०० ग्रॅम किसाला अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवलं आणि पंचात पिळलं, उरला २०५. पुढच्या आठवड्यात तेवढाच कीस, तेवढंच मीठ, तर २३०. पहिली झुकिनी जून होती, आत बिया आणि भुसभुशीत गर, दुसरी कोवळी. रेसिपीत नुसते ग्रॅम दिले असतील तर ते पिळायच्या आधीचे की नंतरचे हे विचाराच. मी आता दोन्ही वजनं घेते आणि केकला पिळल्यानंतरचं धरते.

हे आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलंच नाही. ती मालवणची, तवसोळी म्हणजे काकडीचा केक करताना तवसाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस आधी परातीत घेते आणि तो सोडेल तेवढ्याच पाण्यात रवा भिजवते, वरून पाणी नाही, म्हणजे रवा किती हे तवसं ठरवणार. तीच युक्ती मी थालीपिठाला लावली. २०० ग्रॅम झुकिनी सालासकट किसून, मीठ-तिखट, कांदा घालून दहा मिनिटं ठेवायची, मग साधारण १५० ग्रॅम भाजणी. पाणी लागलंच तर चमचाभर. जून झुकिनी असेल तर भाजणी १७० पर्यंत जाते, तिथे काट्याकडे न बघता गोळ्याकडे बघायचं.

सात महिन्यांत सेल एकदा बदलले. काचेचा एक कोपरा उडालाय, माझ्याच हातून वरवंटा निसटला. फुकटातले कप? त्यातल्या एक कपच्या मापात पाणी भरून वजन केलं तर २२८ आलं, आता तो तांदळाच्या डब्यात आहे. मोजायला जुनाच कप वापरते.

ताईने अजून काटा घेतलेला नाही. तिच्याकडे आता थंडी पडलीय, वेल वाळले, फ्रीझरमध्ये कीस भरलेल्या पिशव्या आहेत म्हणे, प्रत्येकीवर लिहिलंय "दोन कप". चेपून की हलक्या हाताने, ते तिलाही आठवत नाही.