सिडकोतील बाईंचे बालवाचनालय : एका पालकाचा अभिप्राय

नाशिकमध्ये वाचनालयांची वानवा नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आजही वाचकांच्या सेवेत आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकांनी भरलेल्या पेट्या तर नाशिकहून परदेशापर्यंत गेल्या आहेत. तरीही ज्याचे आईवडील अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जातात, अशा सिडकोतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने चालत जाता येईल इतक्या जवळ वाचनालय असणे ही निराळी सोय आहे. एका निवृत्त शालेय ग्रंथपाल बाईंनी ती आपल्या घराच्या पुढच्या खोलीत करून दिली आहे. माझी दोन्ही मुले तेथे जातात, म्हणून हा अभिप्राय.

बाईंची सारी नोकरी एकाच मराठी शाळेत झाली. पट कमी असल्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षे त्या अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. पगार अर्धा, पण दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी वही, लिहिण्यापासून रजेवरच्या शिक्षकांचे तास सांभाळण्यापर्यंत काम मात्र पूर्ण वेळेचे. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याकडून होईल या धास्तीने शाळाशाळांतून पुस्तके कुलपात राहतात, त्या काळात बाईंनी मधल्या सुट्टीत कपाटे उघडी ठेवली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत’ हे पहिले सूत्र त्यांनी नोकरीभर पाळले, असे त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. त्यांतले काही आता स्वतःच्या मुलांना घेऊन येथे येतात.

घरच्या वाचनालयातही तीच रीत आहे. वर्गणी नाही, अनामत नाही. मूल स्वतः फळीवरून पुस्तक काढते, चार पाने चाळते, नको वाटले तर परत ठेवते. ‘काय समजले ते सांग’ असे बाई कोणालाही विचारत नाहीत, आणि माझ्या मते या वाचनालयाचे यश प्रामुख्याने यातच आहे. माझी धाकटी मुलगी जोडाक्षरांना अडखळत असे आणि पाचवीच्या वाचनाला घाबरत असे. बाईंनी तिला मोठ्या टाइपातील एक पातळ लोककथा दिली, ती संपल्यावर तसलीच दुसरी दिली, आणि इयत्तेचा विषयसुद्धा काढला नाही. कोणत्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक कधी द्यावे, हे कोणत्याही संगणकीय यादीतून कळणारे नाही. त्यासाठी पुस्तक आणि मूल ही दोन्ही वाचलेली असावी लागतात.

पुस्तक फाटले तर दंड नाही, मात्र ते दुरुस्त करायला बसावे लागते. माझ्या मुलाने एकदा शिवण उसवलेले पुस्तक परत नेले, तेव्हा बाईंनी त्याला शेजारी बसवून घेतले. मैद्याची खळ शिजवलेली होती. कसर, म्हणजे पुस्तके खाणारी कीड, लागू नये म्हणून तिच्यात किंचित मोरचूद घातलेले होते आणि विषारी असल्यामुळे ती खळ बाई स्वतःच लावत होत्या. मुलाने पाने क्रमाने लावून दिली, कापडाची पट्टी पुठ्ठ्याच्या कडेला धरून ठेवली आणि शेवटी पुस्तकावर वजन ठेवले. तेव्हापासून तो पुस्तक उघडे करून पालथे ठेवत नाही.

याखेरीज बाई शनिवारी पिशवीभर पुस्तके घेऊन एका महापालिका शाळेत जातात आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून देतात. मदतनीस कोणी नाही. त्यामुळे त्या आजारी असल्या की दार बंद राहते, ही या सेवेची मोठी उणीव आहे. विज्ञानाची पुस्तके थोडी आहेत आणि त्यांतली बरीच जुनी झाली आहेत. पावसाळ्यात खोलीला ओल येते, तेव्हा खालच्या फळ्या रिकाम्या कराव्या लागतात. नववी-दहावीच्या मुलांना येथे फारसे काही मिळणार नाही. त्यांनी मोठ्या वाचनालयाचे सभासद व्हावे.

लहान मुलांच्या पालकांना मात्र मी हे वाचनालय निःशंकपणे सुचवीन. पुस्तके भेट द्यायची असल्यास गाइडे आणि जुने प्रश्नसंच नेऊ नयेत, बाई ते घेत नाहीत. विज्ञानाची नवी पुस्तके आणि संध्याकाळचे दोन तास देऊ शकणारे एखादे माणूस, या दोन्हींची तेथे खरी गरज आहे.