मायनर थ्रेट आवडलं, आता पुढे काय? ॲप की डिसकॉर्ड

मायनर थ्रेट हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डीसीचा हार्डकोर, म्हणजे वेगवान आणि आक्रमक पंक बँड ऐकून डोकं भणाणलंय आणि आता पुढे काय ऐकू, असं वाटत असेल तर रस्ते दोन. गाण्यांच्या ॲपवर त्या बँडचा रेडिओ लावून सोडून द्यायचं, नाहीतर डिसकॉर्ड या त्यांच्याच लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा कॅटलॉग पहिल्या नंबरापासून ऐकत जायचं. मी दोन्ही करून बघितलंय.

ॲपला नावं ठेवायची नाहीत, वॉशिंग्टनच्या बाहेर मला त्यानेच काढलं. मिनियापोलिसचे हुस्कर डू, कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोचे मिनटमेन, हे बँड डिसकॉर्डच्या यादीत नाहीतच. बॅड ब्रेन्सचंही तेच, ज्यांना बघून वॉशिंग्टनची पोरं पेटली त्यांचा 1982चा पहिला अल्बम न्यूयॉर्कच्या लेबलने कॅसेटवर काढला, म्हणजे नुसतं डिसकॉर्ड धरून बसलात तर मोठा बँड हुकतो.

पण ॲपचा वैताग काय, तर दोन-चार गाणी नवीन लागतात, मग रामोन्स, मग डेड केनेडीज आणि मग परत मायनर थ्रेटच. फिरून फिरून भोपळे चौकात! त्यात गाणी एवढीशी, एखादं तर पाऊण मिनिटाचं, त्यामुळे ठाण्याला रेडिओ लावला की दादरच्या आत फेरी पुरी. बरं, कोण कोणाबरोबर वाजवायचं ते ॲप सांगत नाही, आणि मला तरी या सीनची खरी मजा त्यातच वाटते.

म्हणजे बघा, 1980मध्ये इयन मॅके, जेफ नेल्सन वगैरेंनी लेबल काढलं ते टीन आयडल्स या मोडलेल्या बँडची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड काढायला. हे दोघं पुढे मायनर थ्रेटमध्ये. लेबलची दुसरी रेकॉर्ड एसओए या बँडची, त्यांचा गायक हेन्री रोलिन्स, जो 1981मध्ये थेट कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडमध्ये गेला. मग फेथ हा बँड, त्यात इयनचा धाकटा भाऊ ॲलेक, आणि त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला व्हॉइड, ज्यांचं गिटार ऐकताना आता अँप फुटतो की काय असं वाटतं. 1985मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा अल्बम आला, त्यातले गाय पिचोटो आणि ड्रमर ब्रेंडन कँटी पुढे इयनबरोबर फुगाझी या बँडमध्ये. या क्रमाने फुगाझीपर्यंत पोचलात की सगळी मंडळी ओळखीची झालेली असतात.

प्रत्येकाचे कान वेगळे, पण घाई नसेल तर मी डिसकॉर्डच म्हणेन. सगळं पहिल्यापासून नको असेल तर 1982चं फ्लेक्स युवर हेड हे कंपायलेशन, म्हणजे लेबलच्या बऱ्याच बँडची एकत्र रेकॉर्ड घ्या, कॅटलॉग बँडकॅम्प या गाण्यांच्या साइटवर आहेच. फक्त सलग ऐकू नका, चार-पाच ईपी झाल्या की सगळं सारखंच वाटायला लागतं, तेव्हा मध्ये बॅड ब्रेन्स लावा.