रात्रीच्या हायपोची भीती: बोट टोचायचं, सेन्सर घ्यायचा का दोन्ही?

टाइप वन डायबेटिसचं पोरगं तेरा-चौदाचं झालं की आईबापाची झोप एकाच विचारानं उडते, रात्री झोपेत शुगर पडली, म्हणजे हायपो झाला, आणि आपल्याला कळलंच नाही तर? इथं सोलापुरात जे जे पालक भेटतात ते इथंच अडलेले असतात, बोट टोचून ग्लुकोमीटरवर भागवायचं का अंगावर चिकटवायचा सेन्सर घ्यायचा. आमच्या घरी दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहिते.

पण आधी तो तिसरा उपाय, जो घराघरात चालतो आणि डॉक्टरांपुढं कुणी बोलत नाही. झोपताना शुगर १५० असली तरी वरनं ग्लासभर दूध, दोन-चार बिस्किटं, जमलं तर रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट कमी, म्हणजे पोरगी रात्रभर २५० वर आणि आई निवांत. एखाद्या रात्री ठीक आहे ओ, पण रोज झालं की एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, चढतो आणि डोळे-किडनीचा हिशोब पुढं तिलाच चुकता करायचा असतो. हायपोची भीती मोजायची प्रश्नावली अमेरिकेत १९८७ पासून आहे, नंतर मुलांसाठी आणि आईबापांसाठी वेगळी पण झाली. त्यात दोन भाग असतात, किती काळजी वाटते हा एक आणि त्या काळजीपायी तुम्ही काय काय करता हा दुसरा. मला दुसराच महत्त्वाचा वाटतो. कुठलंही मशीन घ्या, ते जादाचं दूध बंद झालं का एवढंच बघा.

आता ग्लुकोमीटर. स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये स्ट्रिप मिळते, एक साधारण वीस-पंचवीस रुपयांना, आणि आकडा त्या क्षणाच्या रक्ताचा असतो. फक्त हात धुतलेला पाहिजे, आंब्याच्या दिवसात रस लागलेल्या बोटानं तपासलं की २८० दाखवतं आणि घरात नुसता गोंधळ. अडचण अशी की रात्री २ ला ११० दिसलं तर ते खाली चाललंय का वर हे कळत नाही, मग ३ ला परत उठा, परत टोचा. खरं तर रोज रात्री उठायची गरज सगळ्यांनाच नसते. संध्याकाळी दमेपर्यंत खेळून आली, गड्ड्याच्या जत्रेत दिवसभर पायपीट झाली, पोट बिघडलंय, डोस बदललाय किंवा झोपताना शुगर ९० च्या आसपास आहे, अशा रात्री उठायचंच. खेळाचा परिणाम लगेच संपत नाही, सात ते अकरा तासांनी पण शुगर पडते, म्हणजे बरोबर मध्यरात्रीनंतर.

सेन्सर म्हणजे दंडावर चिकटवायची चकती, लिब्रे ब्रँडची चौदा दिवस चालते. एकाला पाच हजाराच्या आसपास धरा, महिन्याला दोन लागतात, म्हणजे बजेटच हलतं. बदल्यात आकड्याशेजारी बाण मिळतो, खाली चाललंय का वर ते दिसतं, आणि अलार्मवाला असेल तर ७० खाली जाताना तो उठवतो. घेताना हे नक्की विचारा, लिब्रेच्या पहिल्या मॉडेलला आपोआप वाजणारा अलार्म नव्हता, स्कॅन केलं तरच आकडा दिसायचा.

आणि सेन्सर घेतला की भीती गेली असं नाही. एका रात्री अलार्म वाजला, ५८! मी ग्लुकोज कालवायला धावले, तिच्या बाबांनी तेवढ्यात बोट टोचलं तर ९६. पोरगी त्याच दंडावर झोपली होती, चकती दबली की खोटा आकडा येतो. शिवाय सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, त्यामुळं पाच-पंधरा मिनिटं मागं असतो. म्हणून स्ट्रिप घरात ठेवावीच लागते. एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत घामानं चकती सुटते, वरनं टेप लावा.

खरी भांडणं मात्र वेगळीच. आकडा आईच्या फोनवर पण येतो ना, मग पोरगी ट्यूशनला बसलेली आणि आईचा फोन, "अगं ८५ आणि बाण खाली, काय खाल्लंस?" चार पोरींसमोर. चार दिवसांनी पोरगी ब्लूटूथच बंद करते, आणि मला विचाराल तर तिचं काही चुकत नाही. आधीच ठरवून घ्या, तिचा अलार्म ७५ ला, आईचा ६० ला, आईचा वाजेपर्यंत आई गप्प. शाळेत मोबाईल चालत नसेल तर सेन्सरचा आकडा दाखवणारा वेगळा रीडर मिळतो का बघा.

मग घ्यायचं काय? पोरगं आधी हायपोत बेशुद्ध पडलंय, फिटचा झटका आलाय, किंवा त्याला थरथर-घाम काही जाणवतच नाही, तर पैशाची ओढाताण करून पण सेन्सर, यात दुमत नाही. लक्षणं नीट कळत असतील तर ग्लुकोमीटर आणि ठरलेल्या रात्रींचा नियम पुरतो. मधला रस्ता पण आहे आणि बहुतेकांना मी तोच सांगते, डोस बदलताना किंवा खेळाचा सीझन सुरू होताना एकच सेन्सर लावा, चौदा रात्री बघा, कुठल्या वेळी पडते ते कळलं की पुढं स्ट्रिपवर या. रात्रीचं इन्सुलिन जुन्या पद्धतीचं एनपीएच असेल तर त्याचा जोर चार ते बारा तासांत कधीही येतो, ते बदलता येईल का हे डॉक्टरांना सेन्सरच्या आधी विचारा. आणि सगळं असून आईला झोप येतच नसेल तर काउन्सिलरकडं जा, लाजायचं काय त्यात.

काहीही निवडा, उशाशी ग्लुकोज पावडर पाहिजेच. ७० खाली गेलं की तीन चमचे पाण्यात, साधारण १५ ग्रॅम, १५ मिनिटांनी परत तपासायचं. शेंगापोळी, चॉकलेट नको, तेला-तुपानं साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकागॉन, म्हणजे शुगर वर आणणारं इंजेक्शन, देऊन ठेवलं असेल तर ते टोचा आणि १०८ लावा.