किनाऱ्यावरच्या चर्चला कोणती पेटी? साधी, दोन ओळींची

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या चर्चमधल्या पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बारा महिने खारा वारा आणि चार महिने ओल सोसावी लागते. दुकानात मात्र ती मैफलीच्या हिशेबानं दाखवली जाते: स्केल चेंजर, सुरांच्या (आतल्या पितळी जिभांच्या) तीन ओळी, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी जोडणी), चकचकीत खटके (सुरांकडे जाणारी हवा उघडणारे-बंद करणारे). गायनवृंदाची गरज निराळी आहे. मिस्साला (कॅथलिक उपासनेला) आलेल्या सगळ्या माणसांना, म्हाताऱ्यांपासून पहिल्या कम्युनियनच्या मुलांपर्यंत, एका सुरात धरून ठेवणं हे तिचं काम. या कामाला साधी, न सरकणाऱ्या पट्ट्यांची, बेस (खर्जाचे सूर) आणि मेल (मधल्या सप्तकाचे) अशा दोन ओळींची, साडेतीन सप्तकांची सागवानी पेटी सगळ्यांत खरी उतरते. किंमत कमी, वजन कमी, आणि बिघडली तरी तालुक्याच्या गावी दुरुस्त होते.

स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी चौकटच सुरांवरून सरकते. जुलैत लाकूड फुगलं की ही चौकट अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्ध्यावर थांबते. मग एक पट्टी दाबली की दोन सूर एकदम वाजतात, नाहीतर नुसती हवा फुसफुसते. महिमागीत (ग्लोरिया) संपून प्रतिसाद स्तोत्र सुरू व्हायला मध्ये एक छोटी प्रार्थना आणि पहिलं वाचन एवढंच असतं, तेवढ्यात काही दुरुस्त होत नाही. षड्ज धरायला तीन पट्ट्या हाताखाली पक्क्या असतील तर स्केल चेंजरची गरजही पडत नाही: पांढरी सहा, काळी पाच आणि पांढरी एक (पाश्चात्त्य A, A♯ आणि C). लोकांनी म्हणायच्या गाण्यातला सर्वांत वरचा सूर पांढरी दोनच्या पुढं जाऊ देऊ नये. गाणं तार षड्ज-रिषभापर्यंतच जात असेल तर षड्ज पांढरी एकला धरावा. तार मध्यमाला भिडत असेल तर खाली पांढरी सहाला यावं. पहाटेच्या मिस्साला गळे उघडलेले नसतात, तेव्हा आणखी अर्धा सूर खाली घेतला तरी चालतं. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि तिसऱ्या ओळीला निम्मं चर्च गप्प होतं, हे फार ठिकाणी दिसतं. त्यात दोष लोकांच्या उत्साहाचा नसतो.

दोन ओळींमध्ये बेस-मेलच मागावी. मेल-फिमेलचा (फिमेल म्हणजे वरच्या सप्तकाचे सूर) आवाज दुकानात गोड आणि टोकदार लागतो, पण आपल्याकडे गाणं बहुधा बायका आणि मुलं पुढं नेतात. त्यांच्या आवाजाखाली आधार हवा, तो खर्जाचे सूर देतात.

नारायण वामन टिळकांची भजनं या पेटीवर सुरेख बसतात. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या चालीत आणली. त्या चालीला एकच सुरावट, तबला आणि झांज एवढं पुरे. पाश्चात्त्य चालीच्या स्तोत्रांना मात्र ही पेटी अपुरी पडते. एक हात भात्यावर अडकल्यानं चार आवाजांची मांडणी वाजवता येत नाही. अशा वेळी मुख्य सुरावट वाजवावी, ओळीच्या शेवटी षड्ज-पंचम जोडावा आणि बाकीचे आवाज गायकांवर सोपवावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक संविधानानं कॅथलिक उपासनेत लोकभाषेला आणि लोकांच्या संगीताला दार उघडलं. तेव्हापासून मराठी मिस्साचा भार पेटीनं उचललाय, आणि तो मान तिला मोकळेपणानं द्यायला हवा.

विकत घेताना सुरांआधी भाता तपासा. सगळे खटके बंद करून भाता भरा आणि हात सोडा. तो सावकाश, नकळत बसला तर ठीक. लगेच बसला तर घडीच्या कोपऱ्यातलं चामडं किंवा चिकटवण गळतंय. मग खटके उघडून एकही पट्टी न दाबता भाता मारा. कुठला सूर आपोआप बोलत असेल तर त्या पट्टीखालचं चामडं नीट बसत नाही किंवा स्प्रिंग ढिली आहे. शेवटी दोन्ही ओळी उघडून एकेक पट्टी लांब दाबा. आवाज सरळ न येता लहरत आला, तर त्या जोडीतला एक सूर उतरला किंवा चढला आहे.

सूर पितळेचे असतात. खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि जिभेच्या कडेला कण अडकला की सूर मुका होतो किंवा घरघरतो. पट्ट्यांची फळी स्क्रू काढून सरळ वर उचलावी, अडलेला सूर शोधावा, आणि पातळ, कोरा कागद जिभेखालून रिव्हेटकडून (जीभ पक्की केलेल्या खिळीकडून) मोकळ्या टोकाकडे हलकेच फिरवावा. जीभ वर उचलायची नाही. वाकली की सूर बदलतो आणि उशिरा बोलू लागतो. पाणी, तेल, घासायची पावडर, काही लावू नये. पावसात फुगून अडकलेल्या पट्टीची कड पॉलिश पेपरनं घासण्याचा मोह होतो, तोही आवरावा. तीच पट्टी मार्चमध्ये आकसते आणि खडखडू लागते.

ठेवायची जागा पश्चिमेच्या खिडकीजवळ नको, आणि धूपदाणीजवळ तर मुळीच नको. भाता बाहेरची हवा आत ओढतो, तिच्याबरोबर राख आणि काजळी थेट सुरांवर बसते. पेटीवर फुलदाणी ठेवायची सवयही मोडायला हवी. पावसाळ्यात ती जमिनीवर न ठेवता लाकडी कपाटात ठेवावी, आत पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत टांगावं आणि रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरावं. डांबरगोळ्या कपाटात चालतील, पेटीच्या आत नाही. मात्र महिनोन्‌महिने बंदही ठेवू नये; आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं सगळ्या पट्ट्या वाजवल्या की चामडं मऊ राहतं.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हलका असतो, पट्टी बटणावर बदलते आणि चार आवाजही वाजवता येतात, हे मान्य. पण 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. शिवाय ऑक्टोबरात वाडीवाडीतल्या माळेच्या प्रार्थनेला (रोझरीला), मयताच्या घरी, क्रुसासमोर पेटी उचलून न्यावी लागते आणि तिथं प्लग मिळेलच असं नाही. साधी पेटी एक माणूस उचलतो.

सूर लावून घ्यायला बहुतेक चर्च मे महिन्यात कारागिराला बोलावतात. ते पैसे पुढच्या ओल्या हवेत जातात. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बोलवा, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) लागेपर्यंत सूर स्थिरावतात. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) वाद्य फक्त गायनाच्या आधारापुरतं वाजतं, आज्ञा गुरुवारच्या (ईस्टरआधीच्या गुरुवारच्या) महिमागीतानंतर तर बरेच गायनवृंद पेटी बंदच ठेवतात. भात्याच्या छोट्या डागडुजीला ते दिवस बरे, पण पास्काच्या जागरणाआधी (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेआधी) ती परत जागेवर हवी. सूर चढवायचा तर जिभेचं टोक खरवडतात, उतरवायचा तर रिव्हेटकडची बाजू. दोन्ही वेळा पितळ कमी होतं. म्हणून दरवर्षी सगळी पेटी लावून घेऊ नका. लहरणाऱ्या पट्ट्यांवर खडूनं खूण करा, कारागिरासमोर त्या वाजवून दाखवा आणि तेवढ्याच लावून घ्या. ज्याच्याकडे आधी सूर साफ करून, मगच कानस हातात घेण्याचा धीर आहे, त्याच्याकडेच पेटी द्या. पुष्कळदा उतरलेला वाटणारा सूर नुसता मळलेला असतो.