हॉर्नेट की टॉमकॅट : पाठांतर आणि अंगवळण

डीसीएस या लढाऊ विमानांच्या संगणकी सिम्युलेटरमध्ये विमानवाहू नौकेवरून उडणारे एकच लढाऊ जेट मनापासून शिकायचे ठरवले, की बहुतेकांची निवड एफ/ए-१८सी हॉर्नेट आणि एफ-१४ टॉमकॅट या दोघांपाशी येऊन अडते. सुखोई-३३ आहे, पण त्याचे कॉकपिट बटणागणिक हाताळता येत नाही. हॅरियर आहे, पण उभ्याने उतरणाऱ्या त्या विमानाचा अभ्यासक्रमच निराळा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधले सुपर हॉर्नेट देखणे असले तरी निःशस्त्र आहे, आणि फाल्कन बीएमएस या दुसऱ्या सिम्युलेटरचा जीव एफ-१६मध्ये आहे. म्हणून इथे या दोनच विमानांबद्दल लिहितो. दोन्ही मी विकत घेतली, दोन्हींवर बऱ्याच रात्री घालवल्या आणि आता त्यांपैकी एकच नियमितपणे उडवतो.

प्रचलित सल्ला असा, की आधी हॉर्नेट शिकावे आणि टॉमकॅटकडे मागाहून वळावे. हा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही; मी स्वतः त्याप्रमाणेच सुरुवात केली होती आणि पहिले वर्षभर मला त्याचा पश्चात्तापही झाला नाही. हॉर्नेट मनमिळाऊ विमान आहे. तुमचा हात आणि त्याचे पंख यांच्यामध्ये उड्डाणसंगणक बसलेला असल्यामुळे स्टिक कशीही ओढली तरी ते सहसा हातातून निसटत नाही. डीसीएसमध्ये मिळते ती आवृत्ती साधारण २००५ च्या सुमाराची आहे, त्यामुळे कामांची विविधताही भरपूर. एकाच विमानातून शत्रूच्या रडारवर हार्म क्षेपणास्त्र, जहाजावर हार्पून क्षेपणास्त्र, पुलावर जेडॅम बॉम्ब आणि परतीच्या वाटेवर कोणी आडवे आलेच तर त्याच्यासाठी अ‍ॅमराम क्षेपणास्त्र, असा संसार टॉमकॅटला मांडता येत नाही. अमेरिकी नौदलाने टॉमकॅट २००६ मध्ये निवृत्त केले, तर जुन्या हॉर्नेटने त्यांच्या आघाडीच्या स्क्वाड्रनमध्ये २०१९ पर्यंत काम केले. ‘आधुनिक’ या शब्दाला ज्यांना जपायचे आहे, त्यांचा निर्णय कदाचित इथेच होईल, आणि मला त्यात खोट काढायची नाही.

नौकेवर उतरण्याच्या बाबतीतही नवशिक्याला हॉर्नेटच जवळचे वाटेल. चाके आणि फ्लॅप खाली करून ट्रिमने ८.१ अंशांचा आक्रमणकोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांमधला कोन) एकदा बसवला, की संगणक तो कोन बऱ्यापैकी सांभाळून धरतो आणि तुमच्या वाट्याला प्रामुख्याने थ्रॉटलचे, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करण्याचे, काम उरते. हेड-अप डिस्प्लेवरचे छोटे विमानचिन्ह तुम्ही प्रत्यक्षात कुठे निघाला आहात ते सतत दाखवत असते. ८०० फुटांवरून नौकेशेजारून जाणे, वळण घेऊन ६०० फुटांवर उलट दिशेने येणे आणि शेवटचे पंधरा ते अठरा सेकंद डोळ्यांपुढचा बॉल, म्हणजे तुम्ही वर आहात की खाली ते दाखवणारा नौकेवरचा दिवा, मध्यावर ठेवणे हा क्रम मला आठवड्याभरात जमू लागला, आणि महिन्याभरात, विमान अडवायला नौकेवर ताणलेल्या चार तारांपैकी हवी ती तिसरी तार अधूनमधून मिळू लागली. तिथे जो आनंद झाला तो खोटा नव्हता.

माझे मत फिरले ते एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे. हॉर्नेटमध्ये समोर तीन पडदे असतात आणि थ्रॉटलवरच्या एकाच कर्सरने ते आळीपाळीने चालवायचे असतात. या क्षणी कर्सर कोणत्या पडद्याच्या मालकीचा आहे, हे त्या पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटच्या पत्त्यासारख्या चिमुकल्या खुणेवरून ओळखायचे, आणि तो दुसऱ्या पडद्यावर न्यायचा असेल तर स्टिकवरचा सेन्सर कंट्रोल स्विच त्या दिशेला ढकलायचा. वाचताना यात अवघड काही नाही, आणि रोज उडणाऱ्याला तर काहीच नाही. माझ्या वाट्याला मात्र आठवड्यातून एखादी रात्र येते, आणि कामाचा जोर असला तर तीन-तीन आठवडे तीही येत नाही.

अशाच जवळजवळ महिन्याच्या खंडानंतर एकदा बसलो होतो. रडारवर तीस मैलांवर दोन ठिपके होते आणि मला डावीकडच्या ठिपक्याला काही कळू न देता नुसते न्याहाळायचे होते. कर्सर हलवला तर तो हलेना. बहुधा तो खालच्या नकाशाच्या पडद्यावर राहिला असावा असे समजून मी स्विच डावीकडे ढकलला. एकदा पुरे होते. घाईत मी दोनदा ढकलला. कर्सर आधीच रडारवर असताना तोच स्विच पुन्हा त्याच दिशेला ढकलला, की विमान त्याचा अर्थ ‘समोर आहे त्याला पकड’ असा घेते. रडारने उजवीकडचा ठिपका पकडला. त्याच्या कॉकपिटात इशारा वाजला असणार, कारण तो लागलीच माझ्याकडे वळला, आणि पुढच्या दीड-दोन मिनिटांत मी पॅराशूटला लटकून समुद्राकडे पाहत होतो. दुसऱ्या एका रात्री लेझरवर जाणारा बॉम्ब नेमका ट्रकच्या टपावर बसला आणि फुटलाच नाही, कारण शस्त्रांच्या पानावर फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, निवडायचा राहून गेला होता.

दोन्ही चुका माझ्याच होत्या. विमानाने सांगितले तेवढेच केले. पण अशा रात्री वाढत गेल्या तसे मला जाणवले, की हॉर्नेट हे पुष्कळसे पाठांतराचे विमान आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट सोपी आहे, मात्र त्या सोप्या गोष्टींची संख्या फार मोठी आहे, आणि पाठांतर उजळणीवाचून टिकत नाही. माझ्या मर्यादित वेळातला निम्मा भाग कालपरवाच शिकलेले पुन्हा शिकण्यात जाऊ लागला. उड्डाण सुरू करण्याआधी पीडीएफ उघडून बसणे हा माझ्यापुरता तरी करमणुकीचा भाग राहिला नाही.

टॉमकॅटकडे मी आधी थोडा धास्तावूनच गेलो होतो, आणि पहिले काही दिवस ती धास्ती रास्तच ठरली. या विमानाचे पहिले उड्डाण १९७० चे, आणि त्याच्या नियंत्रणात हॉर्नेटसारखा तुमच्या वतीने निर्णय घेणारा संगणक नाही. वेग कमी असताना आणि नाक वर असताना विमान वळवायला स्टिक आडवी केली, तर नाक भलत्याच बाजूला सरकते. तिथे पायांनी रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, वापरावा लागतो. दोन्ही इंजिने एकमेकांपासून बरीच दूर बसवलेली आहेत, त्यामुळे वेळीअवेळी त्यांपैकी एक गुदमरले की विमान चपट्या गिरक्या घेऊ लागते. ए आवृत्तीतल्या टीएफ-३० इंजिनांना ही खोड जास्त आहे. बी आवृत्तीतली एफ-११० इंजिने बरीच समजूतदार आहेत, म्हणून सुरुवात बी पासून केलेली बरी. नौकेवर उतरताना ताकद वाढवली की नाकही हलते, त्याला सावरेपर्यंत बॉल वर जातो, आणि बॉलच्या मागे धावता धावता शेवटी चारही तारा ओलांडून पुन्हा आकाशात जावे लागते. पहिल्या रात्री मी किती वेळा तसा गेलो ते मोजले नाही.

मग एके दिवशी अंगठ्याखालच्या चाकाचा उपयोग कळला. उतरताना ते चाक फिरवले, की पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे उचल कमी करणाऱ्या पट्ट्या, थोडे उठतात किंवा बसतात, आणि नाकाची दिशा फारशी न बदलता विमान जिन्याची अर्धी पायरी वर-खाली व्हावे तसे सरकते. आक्रमणकोन पंधरा युनिटांवर, डावा हात थ्रॉटलवर सतत बारीक हालणारा आणि उजवा अंगठा चाकावर, असे तिन्ही एकदा जुळून आले, तेव्हा हॉर्नेटमध्ये मी खऱ्या अर्थाने विमान उतरवत होतो की उतरणाऱ्या विमानावर देखरेख ठेवत होतो, अशी शंका मला पहिल्यांदा आली. ही शंका हॉर्नेटवर थोडी अन्यायकारक आहे, हे मान्य करतो.

माझ्यासाठी महत्त्वाचे ठरले ते त्यानंतरचे. एकदा दोन महिने संगणकापुढे बसणेच झाले नाही. परत आलो, टॉमकॅट घेतले आणि काहीही न वाचता नौकेकडे वळलो. पहिल्या खेपेस तारा चुकल्या. दुसऱ्या खेपेस चौथी तार मिळाली. तिसऱ्या खेपेस तिसरी. वैमानिकाच्या पुढ्यात मुळात आठवायचे फार थोडे होते, आणि जे शिकलो होतो ते अंगवळणी पडलेले असल्यामुळे अंगातच राहिले होते. असाच खंड पडल्यावर हॉर्नेट घेऊन बसलो, की उतरणे जमायचे, पण उतरण्याआधी जे काम करायचे असते तेच जमायचे नाही.

याचा अर्थ टॉमकॅट बिनतक्रारीचे आहे असा नव्हे. त्याची सर्वांत मोठी अडचण मागच्या आसनावर बसलेली असते. एडब्ल्यूजी-९ हे रडार एकाच वेळी २४ लक्ष्यांचा माग ठेवून सहांवर फीनिक्स क्षेपणास्त्रे सोडू शकते, ही त्याची ख्याती खरी आहे. पण ते रडार चालवतो मागचा अधिकारी, आणि तुम्ही एकटे खेळत असाल तर त्या जागी जेस्टर नावाचा संगणकी सोबती असतो. त्याला सूचना द्यायच्या त्या गोल चक्रासारख्या मेनूतून. शांतपणे सरळ उडताना तो उत्तम काम करतो, बोलतोही मजेदार. पण चार ठिपके समोर असताना ‘हा नव्हे, त्याच्या डावीकडचा’ हे त्याला चक्रातून समजावून सांगेपर्यंत तो डावीकडचा ठिपका आडवा वळून रडारच्या नजरेतून नाहीसा झालेला असतो, आणि असे अनेकदा घडते. शिवाय फीनिक्स सोडल्यानंतर नाक फार वळवता येत नाही, नाहीतर माग तुटतो. दूरच्या लढाईत ज्याला प्रत्येक कळ स्वतःच्या बोटाखाली हवी आहे, त्याला हे असह्य होऊ शकेल. मागे बसायला एखादा मित्र तयार असेल तर ही तक्रार पुष्कळशी मिटते, आणि खरे सांगायचे तर टॉमकॅटची खरी गंमतही तेव्हाच कळते; पण तसा मित्र दर आठवड्याला मिळेलच या भरवशावर मॉड्यूल, म्हणजे डीसीएससाठी सुटे विकत मिळणारे विमान, घेऊ नये.

जवळच्या झुंजीत मी दोघांना साधारण सारखे मानतो. हॉर्नेटला मंद वेगात नाक कुठेही रोखता येते, आणि हेल्मेटमधून नुसते पाहून क्षेपणास्त्र रोखण्याची सोयही त्याच्यापाशी आहे. टॉमकॅटकडे ताकद आणि पसरणारे पंख आहेत. त्या पंखांचा एक गमतीचा तोटा असा, की ते वेगानुसार २० ते ६८ अंशांच्या दरम्यान आपोआप मागेपुढे होतात, त्यामुळे तुमचा वेग संपत आला आहे हे अनुभवी प्रतिस्पर्ध्याला दुरूनच वाचता येते. इंधनाबाबत मात्र तुलना नाही. टॉमकॅटच्या पोटात सुमारे १६,००० पौंड इंधन मावते आणि हॉर्नेटच्या पोटात ११,००० पौंडांच्या आतच. हॉर्नेटमध्ये माझी एक नजर कायम इंधनाच्या आकड्यावर असायची, आणि हवेतच इंधन देणाऱ्या टँकर विमानाला जोडून घेणे मी हौसेपेक्षा गरजेपोटीच शिकलो.

ज्यांना आठवड्यातून चार-पाच रात्री सहज मिळतात, जे एखाद्या गटाबरोबर नियमित मोहिमा करतात आणि ज्यांना नवनवी शस्त्रे शिकण्यातच रस आहे, त्यांनी हॉर्नेट घ्यावे. त्यांना माझी तक्रार बहुधा कधी जाणवणारही नाही. ज्यांचे उडणे तुटक आहे, त्यांनी मात्र आधी हॉर्नेटच घ्यावे या सल्ल्याकडे थोडे सावधपणे पाहावे असे मला वाटते.

डीसीएसमध्ये बहुतेक मॉड्यूल चौदा दिवस विनामूल्य वापरून पाहता येतात. पण बहुतेक जण ते दिवस सलग उडण्यात घालवतात, आणि सलग उडताना दोन्ही विमाने चांगलीच वाटतात. माझी विनंती एवढीच, की पहिले चार दिवस जमेल तेवढे शिकावे, मधले आठ दिवस त्या विमानाकडे पाहूही नये, आणि तेराव्या दिवशी काहीही न वाचता पुन्हा कॉकपिटात बसून नौकेवरून उडून, एक लक्ष्य गाठून परत उतरता येते का ते पाहावे. दोन्ही विमानांवर हे करून झाले, की पैसे कोणावर खर्च करायचे हे विचारायला तुम्हाला माझ्याकडे यावे लागणार नाही.