शेवाळासाठी कोण बरं: नेराइट गोगलगाय की चेरी श्रिंप?

झाडं रुजली, मासे रुळले, की टाकीत शेवाळ येतंच. ते खायला नेराइट आणावी की चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी, हा प्रश्न मलाही पडला होता. दोन्ही पाळून झाल्यावर माझं एक मत बनलं आहे. तुमची मांडणी वेगळी असेल तर तेवढा फरक धरून वाचा.

निव्वळ सफाई पाहायची तर नेराइट सरस. काचेवरचे कडक हिरवे ठिपके, जे एरवी ब्लेडनेच निघतात, ते ती रॅड्यूलाने, म्हणजे तोंडातल्या बारीक दातांच्या पट्टीने, घासून काढते. पहिल्या दोघी सोडल्या तेव्हा सकाळी धुरकट काचेवर त्यांच्या नागमोडी स्वच्छ वाटा उमटलेल्या दिसायच्या. शिवाय धडधाकट पानांना त्या तोंड लावत नाहीत. श्रिंपना ते ठिपके झेपत नाहीत. मऊ शेवाळ, पानांवरचा बुळबुळीत थर, मॉसमध्ये, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या शेवाळीच्या झुपक्यांत, अडकलेलं उरलंसुरलं खाणं, हे त्यांचं काम.

तरी माझं मन नेराइटवरून उडालं ते अंड्यांमुळे. तिळाएवढ्या, पांढऱ्या, टणक कुप्या ती मिळेल तिथे चिकटवते. त्यांतून पिल्लं वाढत नाहीत, कारण अळ्यांना नदी समुद्राला मिळते तिथलं मचूळ पाणी लागतं. गोड्या पाण्यात संख्या वाढत नाही हा तिचा गुण सांगितला जातो आणि तो खरा आहे, पण म्हणून अंडी घालणं थांबत नाही. काचेवरची ब्लेडने सुटतात, लाकडावरची सुटत नाहीत. माझी सगळी मांडणी एका गडद, वाकड्या लाकडाभोवती आहे. दोन महिन्यांत त्यावर जणू तीळ पसरले. लाकूड बाहेर काढून टूथब्रशने घासलं, नखाने उकरलं. वरचं टोपण निघायचं, पण खाली पांढरी कडी तशीच राहायची. नर-मादी वेगळे असतात खरे, पण बाहेरून मला कधी ओळखता आले नाहीत. शेवटी एकच उरली, तीही अंडी घालत राहिली. ज्या लाकडासाठी टाकी मांडली त्याच्याकडेच बघवेना.

श्रिंपचाही त्रास आहे. तांबं त्यांना सोसत नाही. माशांसाठी आणलेल्या एका औषधात ते होतं आणि मी लेबल नीट वाचलं नाही. सकाळी बरेच श्रिंप तळाशी पडलेले होते. ते अजून मनाला लागून आहे. फिल्टरच्या तोंडावर स्पंज लावला नाही तर पिल्लं आत ओढली जातात. आणि पिल्लू तोंडात मावेल असा कुठलाही मासा ते सोडत नाही, म्हणून दाट मॉस हवंच.

पण पोटाखाली वीस-तीस अंडी धरून, पाय हलवत त्यांना सतत पाणी देणारी मादी एकदा पाहावी. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं निघतात ती थेट आईची छोटी प्रतिकृती. मधली अळीची अवस्था नाही, मचूळ पाण्याची गरज नाही. पहिल्यांदा टाकलेली कात पाहून मला श्रिंप मेला असंच वाटलं होतं. ती काढू नका, तेच ती खाऊन खनिजं परत मिळवतात.

तुमच्या टाकीत लाकूड नसेल किंवा मासे मोठे असतील, तर नेराइट आणायला माझी ना नाही. मासे लहान आणि मॉस भरपूर असेल तर मी श्रिंपच सुचवीन. कडक ठिपके आता मीच दर पंधरा दिवसांनी ब्लेडने काढतो. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात पाच-सहा श्रिंप खरवडलेलं वेचायला ब्लेडखाली जमलेले असतात.