अनलिमिटेडच्या डोक्यावरची चांदणी

मावसभावाने साताऱ्यात फ्लॅट घेतला. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने व्हॉट्सॲपवर घरच्या इंटरनेटच्या तीन पत्रकांचे फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ: "दादा, यातलं कुठलं घेऊ?" तिन्ही पत्रकांवर भल्या मोठ्या अक्षरात 'अनलिमिटेड' आणि त्या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात. फोटो मोठा करकरून वाचला. महिन्याला पूर्ण वेगाने डेटा मिळणार तो इतकाच: दोन पत्रकांवर ३३०० जीबी, तिसऱ्यावर १००० जीबी. वेग वेगळे, दर वेगळे, सोबत फुकट मिळणारी ॲप वेगळी. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात.

आधी या ३३०० चं मूळ. जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये घरगुती फायबर बाजारात आणलं तेव्हा ६९९ च्या प्लॅनमध्ये १०० जीबी डेटा होता आणि वर काही काळापुरता ५० जीबीचा गूळ लावलेला होता. वेग १०० एमबीपीएस, पण साठा इतका तुटपुंजा की चार माणसांच्या घरात पंधरवड्यात संपावा. वर्षभराने, १ सप्टेंबर २०२० ला, लॉकडाऊनमध्ये घरोघरी शाळा आणि ऑफिस भरलेलं असताना, जिओने प्लॅन बदलले: ३९९ ला ३० एमबीपीएस, ६९९ ला १००, ९९९ ला १५०, आणि सगळ्यांवर 'अनलिमिटेड', अटींत मात्र ३३०० जीबीची मर्यादा. आठवडाभरात एअरटेलने ४९९ पासून तोच शब्द लावला. ऑक्टोबरात बीएसएनएलचे ४४९, ७९९ आणि ९९९ चे प्लॅन आले. तेव्हापासून ३३०० हा जणू सगळ्यांनी मिळून ठरवलेला भाव आहे. स्वस्तातला प्लॅन घ्या नाहीतर तिप्पट महागातला, मर्यादा बहुतेक तीच.

गंमत इथेच आहे. हौद सगळ्यांना सारखाच दिलाय, फक्त तोटीची जाडी वेगळी. ३० एमबीपीएसची लाइन रात्रंदिवस पूर्ण वेगाने चालवली तर ३३०० जीबी संपायला दहा दिवस लागतील. १०० एमबीपीएसला तीन दिवस. ३०० एमबीपीएसला एक दिवस आणि वर काही मिनिटं. म्हणजे जास्त पैसे मोजणाऱ्याला जास्त डेटा मिळत नाही, तोच डेटा लवकर संपवायची सोय मिळते. अर्थात घरात कोणी लाइन अशी चोवीस तास पिळत नाही. म्हणून खरा प्रश्न असा की साध्या घराला ३३०० पुरतात का.

पुरतात, आणि उरतात. टीव्हीवर एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो. त्या हिशेबाने ३३०० जीबीत दिवसाला ३६ तास पाहता येईल, आणि दिवस तर २४ तासांचाच. ४के चित्र तासाला ७ जीबीपर्यंत जातं, तरी रोज पंधरा तास निघतात. आजीची मालिका, मुलांचं यूट्यूब, तुमच्या मीटिंगा, फोनचे अपडेट, सगळं धरूनही बहुतेक घरं हजारच्या आतच राहतात. अंदाज नको असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये मागच्या महिन्याचा वापर दिसतो, तो पाहा.

मग मर्यादेला धडकतं कोण? माझ्या पाहण्यात एकच घर आलंय, आतेभावाचं. तासगावला खाली कृषी सेवा केंद्र, वर घर, दोन्हीला मिळून एकच कनेक्शन. एका महिन्यात वीस तारखेला ९० टक्के वापर झाल्याचा मेसेज आला आणि तेविसाव्या दिवशी नेट बैलगाडीच्या चालीने चालायला लागलं. त्याचा पहिला संशय कॉलेजात जाणाऱ्या पोरावर, की हा गेम उतरवतो. पोरगं बिचारं निर्दोष होतं. दोष दुकानातल्या चार कॅमेऱ्यांचा. ते चित्रण चोवीस तास क्लाउडवर पाठवत होते. एक कॅमेरा २ एमबीपीएसने सतत पाठवत राहिला तर दिवसाला २१.६ जीबी जातात, महिन्याला ६४८. चार कॅमेऱ्यांचे झाले जवळजवळ २,६००. वर दोन टीव्ही आहेतच. लोकांच्या लक्षात येत नाही, पण वर चढवलेला डेटाही मोजला जातो. कॅमेरे दुकानातच चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर लावले, क्लाउडवर फक्त हालचाल दिसली की जाईल असं केलं, आणि पुढच्या महिन्यात वापर हजाराच्या खाली आला. प्लॅन तोच, खर्च शून्य. (घरगुती प्लॅनवर दुकान चालवणं कंपन्यांच्या अटींत बसत नाही, हे त्याला तेव्हाच सांगितलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

मर्यादा ओलांडल्यावर काय होतं, हे विचारून घेण्यासारखं आहे. नेट बंद पडत नाही आणि जादा बिलही येत नाही, वेग पडतो. किती पडतो ते प्लॅनवर ठरतं. बीएसएनएलने २०२० च्या त्या प्लॅनमध्ये हा आकडा प्लॅनसोबतच छापला होता: ३३०० जीबीपर्यंत १०० एमबीपीएस, त्यानंतर २. हे मला सगळ्यात सरळ वाटतं. बाकीच्यांचा आकडा अटींमध्ये शोधावा लागतो. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो. तेव्हा पडलेला वेग दोनच्या खाली असेल, तर महिन्याच्या शेवटी तुमच्या घरात जे उरतं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता पर्याय एकेक करून.

जिओ आणि एअरटेल हे जवळपास जुळे भाऊ. ३९९ ला ३० एमबीपीएस आणि ४९९ ला ४० एमबीपीएस या त्यांच्या पायऱ्या बराच काळ टिकून आहेत, तरी पैसे भरण्याआधी ॲपमध्ये आपला पिन कोड टाकून चालू दर बघून घ्या. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे पत्रकवाला कधी आपणहून सांगत नाही. ३९९ चे ४७१ होतात, ४९९ चे ५८९, ६९९ चे ८२५, ९९९ चे ११७९. ३० एमबीपीएसवरून १०० वर जायचं म्हणजे महिन्याला ३५४ रुपये, वर्षाला ४,२४८. या पैशात एक चांगला राऊटर येतो आणि पुष्कळ घरांत खरी गरज त्याचीच असते, पण त्याकडे नंतर येतो. ६९९ वरून ९९९ ची उडी मुख्यतः सोबत मिळणाऱ्या ओटीटी, म्हणजे सिनेमा-मालिकांच्या, ॲपसाठी मारली जाते. ती ॲप तुम्ही एरवी पैसे देऊन घेतली असती का, एवढंच स्वतःला विचारा. नसती, तर ते फुकट नाही.

बाराही महिन्यांचे पैसे एकदम भरले तर जिओ महिनाभराची मुदत वाढवून देतं. हिशेब बरा आहे, पण नव्या पत्त्यावर पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे भरू नयेत. तुमच्या गल्लीतली लाइन कशी वागते ते एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही.

बीएसएनएलबद्दल लोकांची दोन टोकाची मतं असतात आणि दोन्ही खरी असतात. कारण साधं आहे: पुष्कळ ठिकाणी बोर्ड सरकारी असला तरी घरापर्यंतची वायर स्थानिक केबलवाल्याची असते. बीएसएनएल अशा भागीदारांना उत्पन्नातला वाटा देतं, आणि जोडणी, दुरुस्ती त्यांच्याकडे असते. भागीदार तत्पर असेल तर सर्व्हिस झकास, नसेल तर तक्रार क्रमांक घेऊन बसा. त्यामुळे "बीएसएनएल कसं आहे?" या प्रश्नाला अर्थ नाही. "तुमच्या वॉर्डात बीएसएनएलची वायर कोण ओढतो?" हे विचारा. दराच्या बाबतीत मात्र त्याला कमी लेखू नका, आणि तालुक्याच्या पलीकडे गावात फायबर न्यायचं तर कित्येकदा तोच एक पर्याय असतो. त्यांचे सगळ्यात स्वस्त प्लॅन घेताना मर्यादा वाचा. तिथे ३३०० ऐवजी १००० असू शकते.

तिसरं पत्रक होतं 'एअरफायबर'चं, आणि भावाचा कल नेमका तिकडे होता, कारण पत्रक सगळ्यात देखणं होतं. नावात फायबर आहे, घरात येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर अँटेना लावतात, ती ५जी टॉवरवरून सिग्नल घेते आणि तिथून वायर खाली राऊटरला. जिओने हे सप्टेंबर २०२३ मध्ये गणेश चतुर्थीला सुरू केलं. ५९९ ला ३० एमबीपीएस, जीएसटी धरून ७०७ रुपये, आणि मर्यादा १००० जीबी. शेजारी ठेवून बघा: खऱ्या फायबरवर तोच वेग ४७१ रुपयांत आणि मर्यादा तिपटीहून जास्त. म्हणजे २३६ रुपये जादा देऊन डेटा एक-तृतीयांशाहून कमी घ्यायचा. हजार जीबी म्हणजे दिवसाला ३३. एचडी टीव्ही अकरा तास, ४के जेमतेम पावणेपाच तास. साध्या कुटुंबाचं भागेल, पण आतेभावासारखे कॅमेरे असतील तर बारा दिवसांत हात वर. शिवाय टॉवरवरची गर्दी वाढली की संध्याकाळी वेग हलतो. जिथे फायबर पोचलेलंच नाही, डोंगराच्या कडेचा बंगला, रस्त्यापासून आत असलेली वस्ती, तिथे हे खरंच वरदान आहे. फायबर दारात असताना मात्र घेऊ नये.

राहिला केबलवाला. त्याचं पत्रक नव्हतंच, तो सोसायटीच्या वॉचमनकडे नंबर ठेवून जातो. एखाद्या मोठ्या किंवा जिल्ह्यातल्या इंटरनेट कंपनीची लाइन तो आपल्या वायरीवरून देतो. दर तोंडी, तीन किंवा सहा महिन्यांचे एकदम घेतले तर कमी, आणि थोडी घासाघीसही चालते. पावती मात्र मागून घ्यावी लागते. त्याला एफयूपी, म्हणजे ही डेटाची मर्यादा, किती असं विचारलं तर तो हसून म्हणतो, "साहेब, वापरा हो बिनधास्त." लेखी काही नसतं. पण याच माणसाचा एक गुण कुठल्याही ॲपमध्ये सापडणार नाही. गणपतीच्या मंडपाचा बांबू वायरीतून गेला, नगरपालिकेने रस्ता खणला किंवा खारीने वायर कुरतडली, की तो संध्याकाळी सात वाजता खांद्यावर शिडी घेऊन येतो. मोठ्या कंपनीच्या तक्रारीत 'निवारण झाले' असा मेसेज येतो आणि राऊटरवर लाल दिवा तसाच असतो, हे मी स्वतः चार दिवस भोगलंय. कंपनीचं नाव घेत नाही, उद्या दुसऱ्या गल्लीत तीच कंपनी उत्तम निघेल.

केबलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: फायबर माझ्या घरात येणार की जिन्यापर्यंतच? काही ठिकाणी फायबर इमारतीच्या जिन्यातल्या डब्यापर्यंत येतं, तिथे विजेवर चालणारा स्विच असतो आणि पुढे तांब्याची केबल. लाइट गेली की तो स्विच झोपतो. तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. थेट घरात फायबर असेल तर वाटेतल्या डब्यांना वीज लागत नाही. कंपनीच्या टोकाला बॅकअप असला आणि तुमच्या राऊटरला हजार-पंधराशेचा छोटा यूपीएस लावला, की भारनियमनातही मीटिंग चालू राहते. घरून काम करणाऱ्याला जीबीपेक्षा हे मोलाचं.

वेगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन माणसं, एक टीव्ही, कधीमधी मीटिंग: ३० किंवा ४० एमबीपीएस पुरे. दोघं घरून काम करतात, मुलं मोठी आहेत, मोठ्या फायली पाठवायच्या असतात: १००. त्याच्या वर जायचं कारण शंभरातल्या पाच घरांनाही नसेल. जाड भिंतींच्या टूबीएचकेमध्ये हॉलमधल्या राऊटरचा सिग्नल मागच्या बेडरूमपर्यंत जाताना इतका गळतो की ३०० चा प्लॅन घेतला तरी पलंगावर ४०च मिळतात. आणि लोक फोन करून प्लॅन वाढवतात.

भावाला सांगितलं की एअरफायबर आधी बाद कर. उरलेल्यांमध्ये ठरवायला पत्रकं ठेवून दे आणि खालच्या दोन मजल्यांवर जाऊन विचार, मागच्या जुलैत कोणाचं नेट किती दिवस बंद होतं. त्याने विचारलं. एकाचं सहा दिवस, एकाचं अर्धा दिवस. अर्धा दिवसवाल्याची कंपनी घेतली, सगळ्यात खालचा प्लॅन, तीन महिन्यांचे पैसे भरून.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. "दादा, आतल्या खोलीत नेट अडकतंय. वरचा प्लॅन घेऊ का?" राऊटर कुठे ठेवलाय म्हणून फोटो मागवला. वहिनीला वायरी दिसायला नको होत्या, म्हणून तो दाराजवळच्या लोखंडी शू-रॅकमध्ये, चपलांच्या मागे, दार लावून ठेवला होता.